दुकानात विंडोज १०, घरी जुना मिंट : आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत काय काय उरकता येईल?

कपाशी_चोपडा

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. प्रश्न दोन मशीनचा आहे.

दुकानातलं मशीन कोअर आय३, चौथ्या पिढीचं. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. हिशोबाची टॅली, बिलं आणि उधारीची एक्सेल, सगळं त्याच्यावरच. सकाळी चालू केलं की झाडलोट, अगरबत्ती होईस्तोवर ते उठत नाही. वरून रोज पाटी येते की आता सपोर्ट संपला. दुरुस्तीवाला म्हणतो, विंडोज ११ ह्याच्यावर चढणार नाही, नवीन घ्या.

घरचा लॅपटॉप आय५, सातव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. त्याच्यावर भाच्याने विंडोजच्या जागी लिनक्स, त्यातला मिंट २०.३, टाकून दिला होता. भाचा आता नोकरीला हैदराबादला. लॅपटॉप छान चालतो, तक्रार नाही, पण अपडेट येणं बंद झालंय. मुलीच्या बारावीच्या नोट्स आणि घरातले सगळे फोटो त्यातच आहेत. वरच्या आवृत्तीवर जायचं तर सगळं पुसावं लागतं का?

तिसरी अडचण मराठीची. बरीच जुनी पत्रं श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. प्रिंटर जुना लेझर, यूएसबीचा.

मृगाच्या आधी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून जे करायचं ते आखाजीच्या आत. दोन्हीवर एकच काहीतरी लिनक्स टाकून मोकळं व्हावं असा विचार आहे. कोणतं टाकू?

धुळेकर_सध्या_पुण्यात

भाऊ, विंडोज उडवा आणि फेडोरा हे लिनक्स टाका. हिंमत असेल तर आर्च. आर्च रोलिंग आहे, म्हणजे आवृत्ती नावाची भानगडच नाही. रोज थोडं थोडं अपडेट होत राहतं, 'अपग्रेड कधी करू' हा प्रश्न आयुष्यात परत पडत नाही. टॅलीसाठी वाईन आहेच, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं. चौथ्या पिढीच्या आय३ वर हलका डेस्कटॉप पळतो. मी ऑफिसात आणि घरी हेच वापरतो.

जंक्शनवाला

धुळेकर भाऊ, तुमच्या टेबलावर हे सगळं बरोबर आहे. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी दहाला ह्यांच्या काउंटरपलीकडे माणसं पावती मागत उभी असतील, आणि त्याच दिवशी रोलिंगमधून आलेल्या नव्या कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) प्रिंटर धरला नाही, तर आर्चची विकी कोण वाचणार? हे, का युरियाची गोणी घेऊन उभा असलेला माणूस?

मी भुसावळला मशीन दुरुस्त करतो. रावेरचे केळीवाले, जामनेरकडचे जिनिंगवाले, गावातले क्लासवाले, असं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे लिनक्स टाकायला अर्धा तास लागतो. बाकीचा वेळ जातो तो हिशोब, प्रिंटर आणि मराठी जागेवर बसवण्यात. म्हणून कोणतं लिनक्स हे मी सगळ्यात शेवटी ठरवतो. आधी ते मशीन काय कमावतं ते बघतो. तुमची दोन मशीनं दोन वेगळ्या कामांची आहेत. दोन्हीवर एकच औषध मारू नका.

आधी दुकानाचं. दुरुस्तीवाला खोटं बोलत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचीच यादीत आहे. यादी चुकवून चढवायच्या युक्त्या आहेत, पण कमावत्या मशीनवर मी त्या करत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हेही खरं. मात्र घरगुती वापराच्या विंडोज १० ला, नोंदणी केली तर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो का बघा. म्हणजे हा मृग निघतो. घाईत उडवाउडवी करायची गरज नाही.

आता टॅली. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. वाईनवर टॅली उघडून दाखवणारे भेटतात, पण नुसती उघडून काय उपयोग? लायसन चालू राहिलं पाहिजे, बिल छापलं पाहिजे, ई-वे बिलाची जोडणी चालली पाहिजे, आणि मार्चएंडला सीए साहेबांनी मागितलेला बॅकअप त्यांच्याकडे उघडला पाहिजे. ह्यातलं एक जरी अडलं तर दोष लिनक्सवर येतो आणि धावपळ तुमची. टॅली विंडोजवरच राहू द्या.

मी काय करतो ते सांगतो. नवीन साटा एसएसडी आणायची, २४० जीबीची पुरे. मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढायची, एकटी एसएसडी जोडायची आणि तिच्यावर लिनक्स मिंट टाकायचा. मिंट पूर्ण उठला, नेट चाललं, की मशीन बंद करून जुनी डिस्क परत जोडायची. केबल एवढ्यासाठी काढायची की इन्स्टॉल करताना मशीन उठवणारा बूटलोडर चुकून विंडोजच्या डिस्कवर बसायला नको. एकाच डिस्कवर दोन्ही मांडलेली आणि मग एका अपडेटनंतर दोन्ही न उठणारी मशीनं माझ्याकडे गंज येतात. वेगळ्या डिस्कवर असलं की चालू करताना बूट मेनूची कळ दाबायची आणि हवं ते निवडायचं. ती कळ कुठे एफ१२ असते, कुठे एफ११, कुठे एफ९. पहिल्या पडद्यावर लिहिलेलं असतं.

टॅलीपुरतं विंडोज उघडायचं. त्याच्यात मेल नाही, यूट्यूब नाही, गिऱ्हाईकाने दिलेला पेनड्राइव्ह नाही. ते सगळं मिंटवर. रॅम ४ जीबी आहे म्हणून मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, जड सिनॅमन नको. जमलं तर आणखी ४ जीबी टाका. तुमच्या मशीनला बहुतेक डीडीआर३ लागेल, ती जुन्या बाजारात मिळते. पण रॅम की एसएसडी असा प्रश्न आला तर आधी एसएसडी. तुमची अगरबत्ती संपेस्तोवर जे चालतं, ते त्या फिरत्या डिस्कमुळे.

दोन ठिकाणी हमखास अडकाल, ते आत्ताच सांगून ठेवतो. एक, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मिंटमधून त्या डिस्कवर लिहिता येत नाही. दोन, घड्याळ. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं. म्हणून मिंट वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी दहाचं बिल साडेचारचं दिसतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल नावाची आज्ञा आहे, तिला सेट-लोकल-आरटीसी १ एवढं सांगितलं की दोघांचं जुळतं.

सगळ्याच्या आधी टॅलीचा बॅकअप. डेटा फोल्डरात १०००० अशा आकड्याच्या नावाचे फोल्डर असतात, ती तुमची कंपनी. ते फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि दुसऱ्या मशीनवरच्या टॅलीत उघडून बघा. न उघडून बघितलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

आता लॅपटॉप. मिंट २० चा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्ये संपला. तिथून सरळ २२ वर उडी मारता येत नाही. २०.३ वरून २१, मग अपडेट मॅनेजरमधूनच २१.३, आणि तिथून २२. ह्यातल्या मोठ्या उड्या दोन, दोन्ही मिंटअपग्रेड नावाच्या साधनाने होतात. ते आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या क्षणाची प्रत, मागतं आणि भाच्याने बाहेरून काही रिपॉझिटरी (प्रोग्रॅमची कोठारं) जोडल्या असतील तर त्यावर अडून बसतं. होतं सगळं, पण दोनदा तेच करा, दोनदा डाउनलोड करा. इतकं मागे पडलेलं मशीन मी कोऱ्या इन्स्टॉलने २२ वर नेतो. २२ ची मालिका उबुंटू २४.०४ ह्या लिनक्सवर उभी आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, तोवर मुलीचं कॉलेजही होईल. ८ जीबीला सिनॅमन मजेत चालतो.

पुसावं लागतं का? भाच्याने होम, म्हणजे तुमच्या फाइलींचं फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या तुकड्यावर) ठेवलं असेल तर नाही. 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम उघडा आणि एसएसडीचे किती तुकडे दिसतात ते सांगा. होम वेगळं असेल तर इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडून त्या तुकड्याला होम म्हणायचं आणि फॉरमॅटच्या चौकटीत खूण करायची नाही. तरीही आधी प्रत काढायचीच. प्रत काढताना फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, म्हणजे टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसतील. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि पासवर्ड त्यातल्या मोझिलाच्या फोल्डरात असतात. लोक फोटो घेतात आणि हे मागे ठेवतात.

टाइमशिफ्ट आहे म्हणून फोटो सुरक्षित असं समजू नका. टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं. तुमच्या फाइली ते, वेगळं सांगितल्याशिवाय, घेतच नाही.

आणि हे सगळं सकाळी करा. एप्रिलातल्या दुपारी बंद खोलीत, पंख्यात कपाशीची धूळ अडकलेलं मशीन अर्ध्या इन्स्टॉलला गरम होऊन बंद पडतं आणि लोक म्हणतात लिनक्स खराब. आधी ब्लोअर मारून घ्या. दुकानाच्या मशीनला यूपीएस हवाच, त्याची बॅटरी दहा मिनिटं तरी धरते का ते आधी बघून ठेवा. तरीही अपडेट चालू असताना लाईट गेली आणि नंतर मशीन नीट उठेना, तर घाबरू नका. चालू करताना शिफ्ट किंवा एस्केप धरली की ग्रब हा बूटलोडरचा मेनू येतो. त्यात 'ॲडव्हान्स्ड' मध्ये रिकव्हरी आहे आणि रिकव्हरीत डीपीकेजी म्हणून ओळ आहे. ती अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करते. तिथेच जुना कर्नलही निवडता येतो.

प्रिंटरचं मॉडेल सांगा. नाहीतर असं करा, पेनड्राइव्हवरून मिंट लाईव्ह उघडा, इन्स्टॉल न करता प्रिंट देऊन बघा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर हे तीन लाईव्हमध्येच कळतात.

मास्तर_शहादा

जंक्शनवाले भाऊंनी बहुतेक सगळं सांगितलं, मी मराठीपुरतं बोलतो.

मिंट २२ मध्ये मराठी टाइप करायला वेगळं काही उतरवावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना भारताखाली मराठीचे दोन मिळतात, एक इनस्क्रिप्ट आणि एक कगप, म्हणजे उच्चाराप्रमाणे. मुलीला रोमन अक्षरांवरून टाइप करायची सवय असेल तर कगप द्या. तुम्ही नव्याने शिकणार असाल तर इनस्क्रिप्टच शिका. सरकारी टंकलेखनातही तो चालतो आणि विंडोजवर गेलं तरी बोटं बदलावी लागत नाहीत.

श्रीलिपीच्या पत्रांचं मात्र खरं सांगतो. तो युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी मराठी, नाही; तिथे प्रत्येक मराठी अक्षरामागे भलतंच रोमन चिन्ह दडलेलं असतं. विंडोजमधल्या फॉन्टची फाइल मिंटमध्ये नेऊन बसवली की लिबरऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्ड-एक्सेल) जुनं पत्र वाचता येतं, छापताही येतं. पण त्यात 'युरिया' शोधलं तर सापडणार नाही. जी पत्रं दरवर्षी लागतात तेवढी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढा आणि एकेक ओळ वाचून घ्या. रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते. बाकीची पीडीएफ करून ठेवून द्या. मी शाळेची सगळी जुनी दप्तरं बदलायला बसलो नाही आणि कोणाचं काही अडलं नाही.

जाता जाता, शाळांना देणगीत आलेली जुनी मशीनं इथे कोणाकडे असतील तर प्रोसेसर ६४ बिटी आहे का ते आधी बघा. नुसता ३२ बिटी असेल तर मिंट २० पासूनच्या उबुंटूवरच्या आवृत्त्या चालणार नाहीत. डेबियन १२ हे लिनक्स चालतं, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात आणि आपल्याकडे सरकारी सीडॅकचं बॉस लिनक्स आहे, तरी आमच्या केंद्रातले सर लोक अजून मला विचारतात, 'यात पेंट आहे का?' आहे, ड्रॉइंग नावाने.

धुळेकर_सध्या_पुण्यात

आर्च ह्यांच्यासाठी नाही, मान्य. पण फेडोराबद्दल मी ठाम आहे. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, प्रत्येक साधारण तेरा महिने चालते, आणि एका बटणात अपग्रेड होतं. चार वर्षं हात लावला नाही की काय होतं ते ह्यांच्या लॅपटॉपवर दिसतंच आहे. थोडं थोडं वर जात राहिलेलं बरं.

आणि दोन डिस्क कशाला? मिंट टाका, त्यात व्हर्च्युअलबॉक्स ह्या मशीनमधल्या मशीनमध्ये विंडोज ठेवा, टॅली खिडकीत उघडेल. सारखं रीस्टार्ट करायला नको.

जंक्शनवाला

४ जीबीत मिंट, त्यात विंडोज, त्यात टॅली? एका खाटेवर तीन पाहुणे झोपवायचा प्रकार आहे तो. १६ जीबी असती तर मीच सुचवलं असतं. आणि आतल्या विंडोजला वेगळं लायसन लागतं, टॅलीलाही ते नवीन मशीन वाटतं, ते परत चालू करून घ्या.

फेडोराची तेरा महिन्यांची गोष्ट तुम्ही फायदा म्हणून सांगताय, मला दुकानदारासाठी ती अडचण वाटते. ह्यांना वर्षात मोकळा काळ म्हणाल तर होळीपासून आखाजीपर्यंत. त्यातही लग्नं. लॅपटॉप मागे पडला तो मिंटमुळे नाही, भाचा हैदराबादला गेला म्हणून पडला. फेडोरा असता तर तो ह्याच्याही आधी पडला असता.

कपाशी_चोपडा

सगळ्यांचे आभार. काल रात्री पेनड्राइव्हवर मिंट २२ घेतला आणि दोन्ही मशीनवर लाईव्ह उघडून बघितला.

लॅपटॉपवर सगळं चालतं. डिस्क्समध्ये एकच मोठा तुकडा आणि एक छोटा ५१२ एमबीचा दिसतो, म्हणजे होम वेगळं नाही असं मी समजतो. लपलेल्या फोल्डरांसकट प्रत काढायला लावली आहे, मुलगी बसली आहे त्याच्यावर.

दुकानाच्या मशीनवर दोन अडचणी. यूएसबीचा वाय-फाय दांडा दिसत नाही. प्रिंटरचं नाव दिसतं, प्रिंट दिली की 'पूर्ण झाली' म्हणतो, कागद येत नाही. मॉडेल जुनं आहे, खोक्यावर कॅप्ट असं काहीतरी लिहिलंय.

सरांना, पहिली वेलांटी खरंच सरकली. 'किंमत' चं 'कंिमत' झालं.

जंक्शनवाला

होम वेगळं नाही हे बरोबर ओळखलं. ५१२ एमबीचा तुकडा बूटचा आहे. मग लॅपटॉपवर पूर्ण डिस्क पुसूनच टाका, फक्त प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून दहा-वीस फोटो बघितल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबू नका. ह्या वेळी होमला वेगळा तुकडा द्या. सिस्टिमला ६० जीबी, बाकी सगळं होमला. पुढच्या वेळी हा ताप राहणार नाही.

वाय-फायसाठी मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंटला ते तारेचं नेट वाटतं, लगेच धरतो. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा, दांड्याचा ड्रायव्हर तिथे दिसला तर बसवा. नाही दिसला तर त्या दांड्याशी झटापट करत बसू नका, राउटर दुकानातच असेल तर सरळ लॅनची तार ओढा. बिलाच्या मशीनला तारच बरी.

कॅप्ट म्हटलं की प्रिंटरचं कळलं. असा प्रिंटर पानाचं चित्र स्वतः तयार करत नाही, ते काम कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर करतो. त्यामुळे तो ड्रायव्हर नसेल तर प्रिंटरला काही कळत नाही. लिनक्ससाठी ड्रायव्हर आहे, पण जुना. त्याला ३२ बिटी लायब्ऱ्या हाताने जोडाव्या लागतात आणि मिंटची आवृत्ती बदलली की परत तेच. मी बसवून दिलाय लोकांना, पण तुम्हाला सांगणार नाही. बिलं टॅलीतून, म्हणजे विंडोजमधून निघणार आहेत, तिथे प्रिंटर चालतोच. मिंटमधलं एखादं पत्र छापायचं असेल तर पीडीएफ करून विंडोजच्या डिस्कवर ठेवा आणि टॅली उघडाल तेव्हा छापा. पुढे प्रिंटर बदलायची वेळ आली तर दुकानातच विचारा की नेटवर्कवरून ड्रायव्हरशिवाय छापतो का. 'एअरप्रिंट' किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' लिहिलेलं असेल तर मिंट त्याला आपोआप ओळखतो.

कपाशी_चोपडा

ठीक काका. मग लॅपटॉप ह्या रविवारी. एसएसडी आणायला शनिवारी जळगावला जातोच आहे. आणखी काही आणायचं का?

जंक्शनवाला

साटाची डेटा केबल. एसएसडीच्या खोक्यात बहुतेक नसते. आणि निघायच्या आधी मशीनचं झाकण उघडून एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) साटाचा एक मोकळा पॉवर कनेक्टर आहे का बघा. नसेल तर दोन तोंडांची वायर तिथेच घ्या. डीव्हीडी ड्राइव्ह कोणी वापरत नसेल तर दोन्ही वायरी त्याच्याच काढता येतील, काही आणायलाच नको.